पानं घेतली आहेत

माझं काम बटणावर लिहिण्याचं आहे. मोबाइलच्या पडद्यावर तळाशी एक रंगीत बटण असतं, त्यावर ‘आत्ताच मागवा’ किंवा ‘आजच नाव नोंदवा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते शब्द आपोआप उगवत नाहीत, कुणीतरी बसून लिहितं. त्यांतली एक मी. बाणेरच्या एका ऑफिसात सोळा वर्षं मी हेच करते आहे. कुणी विचारलं की ‘जाहिरातीत आहे’ म्हणते, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात. खरं म्हणजे अनोळखी माणसाला अंगठा हलवायला लावणं, एवढाच माझा धंदा.

त्यालाही शास्त्र आहे. क्रियापद आज्ञार्थीच हवं. एका बटणावर एकच काम सांगायचं, दोन सांगितली की माणूस एकही करत नाही. प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येतं. ‘जमल्यास’, ‘सवडीने’, ‘शक्य असल्यास’ या शब्दांचा आमच्याकडे विटाळ मानतात. सवड दिली की माणूस ती घेतो आणि परत फिरकत नाही. नवीन आलेल्या मुलामुलींना हे सगळं मी शिकवते, आणि बरं शिकवते असं ऑफिसात म्हणतात.

बाबांना हे काम आवडायचं नाही. ते मुद्रितशोधक होते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड सुटली नाही. मी पहिल्यांदा मोठ्या कौतुकानं त्यांना माझी एक जाहिरात दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती जवळून वाचली आणि विचारलं, “‘आत्ताच’मध्ये दोन त कशाला? घाई आहे म्हणून?” मग म्हणाले, ओळखदेख नसलेल्या माणसाला आज्ञा करायला तुला संकोच नाही वाटत? त्यांच्या काळी दुकानदार ‘एकवार अवश्य भेट द्यावी’ असं छापून घ्यायचे. त्या ‘द्यावी’मध्ये गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जागा असायची. मी चिडले. तुमच्या ‘द्यावी’वर चालणारी दुकानं केव्हाच बंद पडली, असं तोंडावर बोलले. ते खरंच होतं, त्यामुळे त्यांना जास्त लागलं असणार. त्यानंतर माझं लिखाण त्यांनी मागितल्याशिवाय मी दाखवलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

छापखाना तळमजल्यावर होता आणि आम्ही त्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला आई ताटं मांडायची, पाण्याची भांडी ठेवायची आणि खिडकीशी येऊन म्हणायची, “पानं घेतली आहेत.” बस, एवढंच. ओरडायचीसुद्धा नाही. खाली यंत्राचा खडखडाट चालू असायचा, त्यातून ते वाक्य बाबांना कसं ऐकू जायचं कोण जाणे, पण दोन मिनिटांत जिन्यावर चपला वाजायच्या. नाव घेऊन हाक मारणं आईच्या पिढीत नव्हतंच, पण तिला मी कधी ‘अहो’ म्हणतानाही फारसं ऐकलं नाही. ‘जेवायला या’ तर कधीच नाही. मोठी झाल्यावर मी तिला एकदा याचं कारण विचारलं. नवऱ्याला हुकूम काय करायचा आणि विनवणी तरी काय करायची, असं तिचं म्हणणं. पानं घेतली आहेत हे कळवायचं, यायचं तो येतो. मी तेव्हा नोकरीत नवीन होते आणि अंगात शास्त्र भिनलं होतं. मी तिला समजावून सांगितलं की तुझ्या वाक्यात काय करायचं ते सांगितलेलंच नाही, ही नुसती बातमी आहे, यानं कुणी हलणार नाही.

“इतकी वर्षं येताहेत,” आई म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

पुढे छापखाना बंद झाला, इमारत बिल्डरकडे गेली आणि आम्ही वारज्याला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. बाबांचा जीव तिकडे रमला नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही. दर रविवारी बसनं मंडईला जायचे आणि वारज्यात दारात मिळणारी भाजी तिकडून पिशवीभर घेऊन यायचे. आम्ही हसायचो. वारज्याच्या मेथीला व्याकरण नसतं का, असं मी एकदा विचारल्याचं आठवतं.

आजार हळूहळू आला. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. मला ते ‘बाई’ म्हणायला लागले. छापखान्यात कागद जुळवायला ज्या बायका यायच्या त्यांना ते असंच म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वाचन मात्र राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींचं, सवयीचं काम शेवटपर्यंत टिकतं. शर्टाच्या खिशात लाल-निळी पेन्सिल असायचीच. औषधाच्या खोक्यापासून दुधाच्या पिशवीपर्यंत जे हाताला लागेल ते वाचायचे आणि तपासायचे. आमच्या सोसायटीत ‘उद्या पाणी येणार नाही यांची नोंद घ्यावी’ अशी सूचना लागली होती, तिच्यातला ‘यां’वरचा अनुस्वार त्यांनी लाल पेन्सिलनं उडवला आणि बाजूला सही केली. सेक्रेटरी तो कागद घेऊन वर आले. म्हणाले, काकू, ही नोटीस आहे, निबंध नव्हे. आईनं शांतपणे सांगितलं, मग तपासून लावत जा.

आणि दुसरं टिकलं ते आईचं वाक्य. एकदा ते एकटेच खाली फाटकापर्यंत गेले आणि काही केल्या परत येईनात. वॉचमननं हात धरला तर झटकला, मी विनवण्या केल्या, शेवटी आवाज चढवला, तर माझ्याकडे असं बघायला लागले की मीच परकी. आईनं वर गॅलरीत येऊन नेहमीच्या सुरात म्हटलं, पानं घेतली आहेत. बाबांनी मान वर केली, चपला सरळ केल्या आणि जिना चढायला लागले. सकाळचे साडेदहा झाले होते, जेवणाचा पत्ता नव्हता. आईनं त्यांना बसवून दहीपोहे दिले. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून हे सांगते आहे.

तो मंगळवार होता, चैत्रातला. मी घरून काम करत होते. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीचा सेल होता आणि माझा वरिष्ठ, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि स्वभावानं चांगला मुलगा, कॉलवर सारखा म्हणत होता की ओळीत अजून अर्जन्सी हवी. आई खाली गाडीवर कोथिंबीर घ्यायला गेली होती. बाबा दाराशी आले. धुतलेला शर्ट घातला होता, खिशात पेन्सिल. माझ्या कानात हेडफोन होता, तरी त्यांचं ऐकू आलं.

“येतो,” ते म्हणाले.

“हं, या,” मी म्हणाले. वर न बघता.

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणायचं, ऐकणाऱ्यानं ‘या’ म्हणायचं. लहानपणापासून तोंडात बसलेली देवघेव, ती माझ्या तोंडानं परस्पर करून टाकली. मला वाटलं गॅलरीत चाललेत. किंवा काहीच वाटलं नाही, हे जास्त खरं. सोळा वर्षांत मी लिहिलेल्या कुठल्याही शब्दाचा इतक्या चटकन परिणाम झाला नव्हता. आई दहा मिनिटांनी वर आली तेव्हा दार उघडं होतं. ती जिन्यानं चढत होती आणि बाबा लिफ्टनं उतरले होते.

त्या दिवशी आम्ही काय काय शोधलं ते सगळं सांगत नाही. बसथांबे, देवळं, मंडई. नारायण पेठेत तर मी सगळ्यांत आधी गेले होते. आमच्या इमारतीच्या जागी आता काचेची सहा मजली इमारत आहे, खाली कपड्यांचं दुकान आहे. तिथे ते नव्हते. चौकीत हवालदारांनी नीट बसवून तक्रार लिहून घेतली आणि फोटो मागितला. हाताशी होता तो त्यांच्या निवृत्तीच्या दिवसाचा, गुळगुळीत दाढी, गळ्यात हार. हार कापून चेहरा तेवढा ठेवला. मग घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले.

हे तर माझंच काम. पेपरात ‘आपण यांना पाहिलंत का’ असं छापतात, ते मी घेतलं नाही, कारण तो प्रश्न आहे आणि वाचणारा मनात ‘नाही’ म्हणून पुढे जातो. मी वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘यांना घरी पोहोचवायला मदत करा!’ त्याखाली फोटो. मग वय, उंची, शर्टाचा रंग. ‘स्मृतीभ्रंशाचे रुग्ण. स्वतःचे नाव सांगू शकत नाहीत. कसलीही माहीती मिळाल्यास त्वरीत कळवा.’ आणि तळाशी लाल पट्ट्यात, बटणासारखं, ‘आत्ताच फोन करा!!’ दहा मिनिटांत झालं. इतक्या वाईट वेळीसुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं की चांगलं जमलंय, आणि या वाटण्याची मला आजही शरम वाटते.

आईनं ते वाचलं. म्हणाली, “यात खाली लिही, पानं घेतली आहेत.”

मी म्हटलं, आई, हे लोकांसाठी आहे.

“लोकांसाठी लिहिलंस, बरं केलंस. पण ते वाचतात ना अजून. त्यांच्यासाठी काय लिहिलंस?”

मी तिला माझं शास्त्र सांगितलं. एका कागदावर एकच काम. लोक गोंधळतील, कुणाला वाटेल खानावळीची जाहिरात आहे. ‘खानावळीची’ हा शब्द मी वापरला. ती उठून आत गेली आणि मी कागद छापायला पाठवला. मला वाटलं होतं, दमलेल्या बाईचं भाबडं बोलणं आहे, समजूत नंतर काढता येईल.

बुधवारी दिवसभर ते कागद चिकटवले. वारजे, कर्वेनगर, डेक्कन, मंडई. फोन खूप आले, या बाबतीत माझी ओळ नापास झाली असं म्हणता येणार नाही. कुणी धीर द्यायला केले, कुणी कुठलं स्तोत्र म्हणावं ते सांगायला, दोघातिघांना कोणीतरी तसं दिसलं होतं आणि ते बाबा नव्हते. दर वेळी फोन वाजला की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि माझा चेहरा बघून परत जायची.

गुरुवारी अकराच्या आसपास मंडईतून एका भाजीवाल्या मावशींचा फोन आला. त्यांच्या गाळ्याशेजारच्या खांबावर मी कागद लावला होता. त्या म्हणाल्या, “ताई, तुमचा कागद कुनीतरी खराब केलाय. पेन्सिलीनं खुना केल्यात सगळीकडं. दुसरा आनून लावा.”

मी रिक्षानं तिथे पोहोचले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. ‘स्मृतीभ्रंश’मधल्या ‘ती’वर लाल रेघ, बाहेर समासात ऱ्हस्व ‘ति’. ‘माहीती’चं ‘माहिती’. ‘त्वरीत’चं ‘त्वरित’. घाईत केलेल्या माझ्या तिन्ही चुका काढल्या होत्या. दोन उद्गारचिन्हांतलं एक उडवलं होतं. ‘आत्ताच’मधला एक त कापला होता, आणि ते पाहून मला रडू आवरेना, कारण तो त पुण्यात दुसऱ्या कुणी कापला नसता. ‘स्वतःचे नाव सांगू शकत नाहीत’ या ओळीला हात लावलेला नव्हता. तिच्यात त्यांना चूक सापडली नव्हती. आणि खाली समासात त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘सुधारून पुन्हा दाखवावे.’ शेजारी त्यांची सही, नावाची दोन अक्षरं आणि खाली आडवी रेघ, छापखान्यात चौतीस वर्षं करायचे तशी.

मावशींना मी विचारलं, हे ज्यांनी केलं ते कसे होते. तर म्हणाल्या, कोनी मास्तर असंल, म्हातारं मानूस, दाढी वाढलेली, उन्हात उभं राहून लई वेळ वाचत होतं. मी फोटोकडे बोट दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, परत पाहिला आणि खाली बसल्या. फोटोतले साहेब वाटतात हो, त्या म्हणाल्या. मावशींनी बाबांना पेरू दिला होता, तो बाबांनी घेतला नाही. फक्त विचारलं होतं, हे कुणी तपासलं होतं? कुणीच नाही, मावशी सहज म्हणाल्या होत्या. मग ते मान हलवून शनिपाराच्या बाजूला गेले. किती वेळ झाला त्याला? काल दुपारी, मावशी म्हणाल्या. आज सकाळी गाळा आवरताना खुणा नीट दिसल्या म्हणून फोन केला. मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग आला नाही. राग करायला मला दुसरं माणूस मिळालं होतं.

म्हणजे बाबांनी ते पत्रक वाचलं होतं. अक्षर न् अक्षर वाचलं होतं. त्यात लोकांनी काय करावं ते लिहिलं होतं आणि त्यांच्यासाठी काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांचं काम केलं आणि निघाले.

मंडईतून मी धावतच नारायण पेठेत गेले. कपड्यांच्या दुकानाच्या वॉचमननं सांगितलं की असे एक आजोबा आले होते. काल दुपारी आले होते आणि आजही आत्ता थोड्या वेळापूर्वी. समोरच्या फुटपाथवर उभे राहून वर बघत होते. त्यानं हटकलं तेव्हा म्हणाले, वरून बोलावतील, थांबलोय. इथे वर ऑफिसं आहेत, कुणी राहत नाही, असं त्यानं सांगितलं. तरी दीड वाजेपर्यंत थांबले म्हणे काल. आज ऊन फार होतं म्हणून त्यानंच त्यांना जायला सांगितलं.

मी वर पाहिलं. आमची खिडकी असायची त्या उंचीवर काच होती आणि काचेत आकाश दिसत होतं. मी आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. हवालदारांना फोन केला, तेही आले. बाबा कुठेच नव्हते.

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती बोलेल, बोलायला हवं होतं. तिनं एवढंच विचारलं की कागद किती उरलेत. चाळीसएक होते. मी म्हटलं, ती ओळ टाकून पुन्हा छापून आणते. ती म्हणाली, छापायला वेळ जाईल. तिनं डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मार्कर घेतला आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी, माझ्या लाल पट्ट्याच्या खाली, स्वतःच्या हातानं लिहायला बसली. पानं घेतली आहेत. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर थोडं उजवीकडे कलणारं. चाळीस वेळा लिहिलं. मी शेजारी बसून कागद सरकवत होते. एकदा मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, सरकव पुढचा. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघी रिक्षानं नारायण पेठेत गेलो आणि त्या फुटपाथपासून मंडईपर्यंत आणि तिथून पार कर्वे रोडपर्यंत ते कागद लावले. एका दुकानदारानं भिंतीवर लावू देणार नाही म्हटलं. आईनं त्याला कागद वाचायला दिला. त्यानं स्वतः चिकटपट्टी आणून दिली.

शुक्रवार तसाच गेला. आईनं साडेबाराला तीन ताटं मांडली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. खाली बघत होती.

शनिवारी सकाळी सातला फोन आला. फिरायला निघालेले एक गृहस्थ होते. कर्वेनगरच्या पुढे, वारज्याच्या अलीकडे एका बसथांब्यावर एक आजोबा बसलेत, ते म्हणाले, आणि मग म्हणाले की तुम्ही कुणाला तरी सोबत घेऊन या. त्यांनी पत्रक वाचलं होतं आणि त्यात सांगितल्याप्रमाणे ताबडतोब फोन केला होता. माझं वाक्य असं शेवटी कामाला आलं.

बाबा बाकाच्या कोपऱ्यात टेकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल डुलकी लागली आहे. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि पोटात पाणी नाही, झोपेतच गेले असावेत, त्रास झाला नसावा. हे वाक्य ते सगळ्यांना सांगत असतील, पण मी धरून ठेवलं आहे. नारायण पेठेतून तो थांबा सात-आठ किलोमीटर तरी असेल. चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो त्यांनी सुतळीनं बांधला होता. आमच्या घरापासून ते पंधरा मिनिटांच्या अंतरावर होते.

शर्टाच्या खिशात पेन्सिल होती आणि कागदाची एक पट्टी होती. कुठल्यातरी भिंतीवरून त्यांनी ती फाडून घेतली होती. वरचा भाग, फोटो, मदत करा, फोन करा, ते सगळं तिथेच सोडलं होतं. फक्त तळाची पट्टी घेतली होती, आईच्या अक्षरातली. चार घड्या घालून, छापखान्यातला महत्त्वाचा कागद ठेवायचे तशी. तिच्यावर पेन्सिलची एकही खूण नव्हती.

मी ती आईला दिली. तिनं घडी उलगडली आणि बराच वेळ हातात धरली.

“वाचलं होतं ना त्यांनी?” तिनं विचारलं.

“हो.”

“म्हणजे येतच होते.”

मी मान हलवली. दोन दिवस आधी लिहिलं असतं तर पोहोचले असते, हे ती म्हणाली नाही, आजवर कधीही म्हणाली नाही. मंगळवारी तिनं सांगितलं होतं, तेव्हा कागदाला तळाशी भरपूर जागा होती. एक ओळ सहज मावली असती. हे मी रोज स्वतःला सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

तेराव्यानंतर मी कामावर परत गेले. लोक चांगले वागले. गाद्यांचा सेल संपला होता, दुसरा सुरू झाला होता, मी पुन्हा ‘आत्ताच’ लिहायला लागले. दुसरं मला येत नाही. लिहून झालं की ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासते, त्याला आता ऑफिसात हसतात. मध्यंतरी घरगुती डबे पोहोचवणाऱ्या एका नव्या कंपनीचं काम आलं. माझा वरिष्ठ म्हणाला, मॅम, काहीतरी घरच्यासारखी ओळ हवी, ऐकल्याबरोबर माणूस उठून येईल अशी. माझ्याकडे ती ओळ होती. मी त्याला ‘आजच चव घ्या’ लिहून दिलं. त्याला ते सपक वाटलं, आणि होतंही सपक. तेच छापून गेलं.

घरी आता दोन ताटं असतात. मी घरून काम करते त्या दिवशी साडेबाराला आई माझ्या खोलीच्या दाराशी येते आणि म्हणते, “जेवायला ये.” सरळ आज्ञार्थ, एक काम, एक क्रियापद. मी ताबडतोब उठते. लॅपटॉप उघडा ठेवून, कॉल चालू असला तरी उठते. ते जुनं वाक्य तिनं त्यानंतर कधी उच्चारलं नाही. एकदा मीच पोळ्या केल्या, ताटं मांडली आणि सवयीनं माझ्या तोंडून ते निघालं. आई देवघरापाशी बसली होती. तिनं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठली, आत आली आणि पानावर बसली.